पिंजोरचे जटायू

पक्ष्यांवर दया करण्याची परंपरा भारतात जुनी आहे. मुंबईचे पांजरपोळ १८३४ साली स्थापन झाले. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरील जैन मंदिरात आजारी पारव्यांचे आणि पोपटांचे रुग्णालय चालते. परंतु दयेच्या या पंगतीत गिधाडाला कधी मानाचे पान मिळाले नाही. उघडी मान, बाकदार चोच आणि मढ्यावर तुटून पडण्याची रीत यांमुळे हा पक्षी अशुभ ठरला. लोभी माणसाला गिधाडाची उपमा देऊन भाषेनेही त्याची विटंबनाच केली. अशा या उपेक्षित पक्ष्यासाठी हरियाणात पिंजोरजवळ २००१ साली एक शुश्रूषाकेंद्र उभे राहिले. आजारी पक्ष्यांना बरे करण्यासाठी निघालेल्या या केंद्राच्या चालकांना अखेर माणसांच्या शिक्षणाचेच काम हाती घ्यावे लागले. ते का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

भारतातील खेड्यात म्हातारे, भाकड जनावर बहुधा गोठ्यातच मरते. मेलेल्या जनावराचे कातडे उतरवून घेतले की उरलेले धूड गावाबाहेरच्या माळावर टाकून देण्याची वहिवाट होती. तेथून पुढचे काम गिधाडांचे. आकाशात ठिपक्यांप्रमाणे घिरट्या घालणारा थवा खाली उतरे आणि पाहता पाहता सांगाडा तेवढा शिल्लक ठेवी. त्या स्वच्छ हाडांवर ती गोळा करून विकणाऱ्यांचाही चरितार्थ चाले. मुंबईच्या डुंगरवाडीत पारशी समाजाच्या दखम्यांवरही पिढ्यान्‌पिढ्या हीच सेवा गिधाडांनी बजावली. १९८० च्या सुमारास देशात ती कोट्यवधींच्या संख्येने होती. पांढऱ्या पाठीचे गिधाड हा त्या काळी जगातील सर्वांत विपुल असा मोठा शिकारी पक्षी असावा, असे पक्षितज्ज्ञ मानीत. जे इतके विपुल, ते नाहीसे होईल, असे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

ही घट प्रथम ध्यानात आली ती भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी तेथे १९८७-८८ च्या विणीच्या हंगामात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ जोडपी मोजली होती. १९९६ साली निम्मीही दिसेनात. पुढे घरटी ओस पडली. झाडांवर पक्षी माना खाली टाकून तासन्‌तास बसून राहात आणि मग एकाएकी कोसळून मरत. इतर प्रांतांतूनही अशीच वार्ता येऊ लागली. २००० साली पांढऱ्या पाठीचे, लांब चोचीचे आणि निमुळत्या चोचीचे अशा तिन्ही जातींची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली.

या पार्श्वभूमीवर हरियाणाचे वनखाते आणि मुंबईची ही संस्था यांनी, ब्रिटनकडून मिळालेल्या साहाय्याच्या बळावर, शिवालिकच्या पायथ्याशी बीर शिकारगाह अभयारण्याच्या परिसरात गिधाड-शुश्रूषाकेंद्र उघडले. आजारी पक्षी आणावेत, त्यांना उपचार द्यावेत आणि रोगाचे मूळ शोधावे, हा त्याचा हेतू. हा एखादा विषाणूजन्य साथीचा रोग असावा, असा तज्ज्ञांचा प्रथम कयास होता. मृत पक्ष्यांची आतडी, यकृत आणि हृदय यांवर पांढऱ्या खडूसारखा थर आढळे. मूत्रपिंडे निकामी झाल्याने यूरिक आम्ल शरीरात साचले, एवढा त्याचा अर्थ उघड होता. मूत्रपिंडे कशाने निकामी झाली, हे मात्र कळत नव्हते.

उलगडा झाला तो पाकिस्तानात. अमेरिकन पशुवैद्य लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील मृत गिधाडे तपासली आणि २००४ च्या आरंभी निष्कर्ष प्रसिद्ध केला. गिधाडांना मारणारा रोगजंतू नव्हता. ते होते डायक्लोफिनॅक नावाचे वेदनाशामक औषध. माणसांच्या सांधेदुखीवर दिले जाणारे हे औषध १९९० नंतर स्वस्त झाले आणि गुरांनाही सर्रास टोचले जाऊ लागले. औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत जनावर दगावले, तर त्याच्या मांसातील अंश गिधाडाला पुरेसा विषारी ठरतो. शंभर शवांमध्ये एखादेच असे विषारी असले, तरी एवढा संहार घडू शकतो, असे गणिताने दिसून आले. आणि भारतात तपासलेल्या शवांपैकी सुमारे दहा टक्के दूषित होती.

या घटनेतील खरी व्यथा येथेच आहे. हा संहार कोणाच्या क्रौर्याने झाला नाही. तो दयेपोटी झाला. म्हाताऱ्या बैलाचे, लंगडणाऱ्या गाईचे दुखणे शेतकऱ्याला पाहवले नाही. पशुवैद्याने त्याला कमी खर्चाचा उपाय सांगितला. मुक्या जनावराच्या वेदना शमल्या, पण त्याच सुईने आकाशातील गिधाडाचा बळी घेतला. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या दर हजार गिधाडांमागे एकच उरले. त्याची किंमत माणसानेही मोजली. माळावर शवे कुजू लागली, भटकी कुत्री वाढली, पाणी दूषित झाले. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख अधिक मृत्यू ओढवले असावेत, असा अंदाज अर्थशास्त्रज्ञ एयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडला आहे.

कारण कळताच पिंजोरच्या केंद्राचे प्रयोजनही पालटले. पक्षी बरा करून सोडावा, तर तो पुन्हा त्याच विषाकडे जाणार. तेव्हा बाहेरचे रान निर्धोक होईपर्यंत बीज तरी जपून ठेवावे, असे ठरले आणि २००४ साली शुश्रूषाकेंद्राचे ‘जटायू संवर्धन प्रजनन केंद्र’ झाले. हे काम धीराचे होते. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. पिलू वयात यावयास सुमारे पाच वर्षे लागतात. म्हणून पहिले अंडे उचलून यंत्रात उबवावे, म्हणजे जोडपे दुसरे घालते, अशी युक्ती योजण्यात आली. खाद्यासाठी आणलेल्या बकऱ्यासुद्धा आधी काही दिवस देखरेखीखाली ठेवल्या जात, की त्यांच्या अंगात औषधाचा अंश राहू नये. निमुळत्या चोचीच्या गिधाडाचे पिलू बंदिवासात जन्मण्याची जगातील पहिली घटना २००९ साली घडली. बंगालमधील राजाभातखावा, आसामातील राणी आणि भोपाळ येथेही अशीच केंद्रे निघाली.

परंतु पिंजऱ्यातील यश हे अर्धेच यश होय. २००६ साली सरकारने गुरांसाठी डायक्लोफिनॅक बनविण्यास बंदी केली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निरुपद्रवी असलेले औषध त्याच्या जागी उपलब्ध होते. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या, म्हणून २०१५ साली कुपीचे आकारमान तीन मिलिलिटरवर आणावे लागले. २०२३ साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही औषधेही गुरांसाठी वर्ज्य ठरली. पण कायदा गोठ्याच्या दाराशी थांबतो; दाराच्या आत शिकवणच जावी लागते. म्हणून केंद्रांभोवती शंभर किलोमीटर त्रिज्येची ‘सुरक्षित क्षेत्रे’ कल्पून तेथील गुराखी, पशुवैद्य, औषधविक्रेते आणि शाळकरी मुले यांना हा कार्यकारणभाव समजावून देण्याचे काम सुरू झाले.

त्यानंतरच पिंजऱ्याची दारे उघडण्याचे धैर्य झाले. २०२० च्या ऑक्टोबरात पिंजोरहून पांढऱ्या पाठीची आठ गिधाडे, पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बांधून, मुक्त करण्यात आली. २०२४ च्या जानेवारीत वीस गिधाडे महाराष्ट्रात ताडोबा आणि पेंच येथे आणली गेली. संख्या अद्याप तुटपुंजीच आहे : २०१५ च्या गणनेवरून देशात पांढऱ्या पाठीची सुमारे सहा हजार, लांब चोचीची बारा हजार आणि निमुळत्या चोचीची अवघी हजारभर गिधाडे असावीत. घसरण मात्र बरीचशी थांबली होती.

सीतेला सोडविण्यासाठी रावणाशी झुंजून पडलेल्या जटायूचा अंत्यविधी रामाने स्वतः केला, असे रामायण सांगते. तो ज्या ठिकाणी पडला असे लोक मानतात, ते टाकेद नाशिक जिल्ह्यात आहे. तेथे आजही भाविक जातात. पिंजोरच्या केंद्राला त्याचे नाव देणाऱ्यांना मात्र अंत्यविधी करावयाचा नव्हता. जटायूला जगवावयाचे होते. त्यासाठी फार मोठ्या पराक्रमाची गरज नाही. आजारी गाईला सुई टोचण्यापूर्वी कुपीवरचे नाव एकदा वाचून पाहिले, तरी पुष्कळ झाले.