अंगणवाडीतलं अंगण

१९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडी काढली. पाड्यावरची आदिवासी पोरं काही येईनात. मग बाईच पाड्यावर गेल्या, त्यांच्या अंगणात शाळा भरवली. आधी अंघोळ, मग गाणी. म्हणून ती अंगणवाडी! २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारी योजना आली. पुढे नाव तेच राहिलं, वाडी मात्र खोलीत गेली.

आपल्या जुन्नर-आंबेगावात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. पाचटाच्या कोप्या, पहाटेच आईबाप फडात, तान्हं थोरल्या बहिणीच्या कडेवर. तिचीही शाळा बुडते. इथं पत्ता नाही, म्हणून यादीत नाव नाही. पण परगावच्या लेकरालाही अंगणवाडीतला खाऊ, लस, वजन हक्काचं आहे. आपल्या गटानं सेविकाताईंना घेऊन कोपीवर जावं. सकाळी नको, बाया फडावरून परततात तेव्हा.