झाशीचं गवत आणि गुरूची चूक

झाशी म्हटलं की आपल्याला 1858 आठवतं. आज मात्र मी त्याच गावच्या गवताबद्दल बोलणार आहे. 1962 पासून झाशीत भारतीय कुरण व चारा संशोधन संस्था आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

माझं पोस्टिंग तिथे असताना खेचरांसाठी गवताची एक गाडी आली. करारात प्रथिनं किमान 7 टक्के, तपासणीचा आकडा 6.8. मी गाडी परत पाठवली. ठेकेदार म्हणाला, "साब, एक बार और जाँच लीजिए." मी ऐकलं नाही.

हा आकडा येतो कुठून? 1883 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी नमुना सल्फ्युरिक आम्लात उकळून नायट्रोजन मोजायची रीत काढली. नायट्रोजनला 6.25 ने गुणायचं, की झाली प्रथिनं! म्हणजे प्रथिनं कुणी थेट मोजतच नाही. हे काम वेळखाऊ. मग अमेरिकेच्या कृषी खात्यातले अभियंते कार्ल नॉरिस यांनी 1976 मध्ये सहकाऱ्यांसह दाखवलं, की अवरक्त प्रकाश टाकूनही चाऱ्याचा कस सांगता येतो. पण यंत्राला आधी शिकवावं लागतं. अनेक नमुने केल्डाल रीतीने तपासायचे, प्रत्येकाचं अनेक तरंगलांबींवरचं शोषण नोंदवायचं आणि दोन्हींची सांगड घालणारं समीकरण बसवायचं.

खरी गंमत पुढे आहे. शिष्याची परीक्षा घ्यायची ती गुरूच्याच आकड्यांवर, आणि गुरूही चुकतो! समजा दोघांत 1 टक्क्याचा फरक दिसतो आणि गुरूची स्वतःची चूक 0.6 आहे. दोन्ही चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर त्यांच्या वर्गांची बेरीज होते. 1 मधून 0.36 वजा केले, उरले 0.64. त्याचं वर्गमूळ 0.8. म्हणजे शिष्याची चूक 0.8 आणि खापर मात्र 1 चं. कधीकधी शिष्य गुरूपेक्षाही अचूक निघतो, कारण पुष्कळ नमुन्यांत गुरूच्या इकडच्या-तिकडच्या चुका एकमेकींना खोडतात.

फायरिंग रेंजवर हेच पाहिलंय. गोळ्या विखुरल्या तर त्यांचा मध्य काढता येतो. पण साईटच वाकडी असेल तर शंभर गोळ्या झाडूनही नेम सुधारत नाही. गुरूचा प्रत्येक आकडा एकाच बाजूला झुकलेला असेल, तर शिष्य तो झुकाव जसाच्या तसा उचलतो.

हे मी निवृत्तीनंतर वाचलं. 7 आणि 6.8 मधला फरक त्या तपासणीच्या चुकीत सहज बसू शकला असता. शिवाय नमुना आम्ही एकाच गाठीतून काढला होता.