विशाल पृष्ठभागांची घडण : खोडदची रेडिओ दुर्बीण व सूक्ष्म एलईडी पडदे

प्रस्तावना

मोठा पृष्ठभाग घडविणे हा तंत्रविद्येतील जुना व अवघड प्रश्न आहे. लहान आकारात सहज साधणारी वस्तू अनेक पटींनी मोठी करू जाता खर्चाबरोबरच वजन, वारा, जोडकाम व दुरुस्ती यांच्या अडचणीही वाढत जातात. आज सूक्ष्म एलईडींचे भव्य पडदे तयार करणाऱ्या उत्पादकांपुढे हाच प्रश्न उभा आहे. त्याच प्रश्नाचे एक वेगळे उत्तर गेल्या शतकाच्या अखेरीस जुन्नर तालुक्यातील खोडद येथे प्रत्यक्षात उतरले. प्रस्तुत लेखात या उत्तराचा ऐतिहासिक मागोवा घेऊन, त्याची सूक्ष्म एलईडी पडद्यांच्या निर्मितीशी तुलना करण्याचा, तसेच जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांना त्यासाठी द्यावी लागणारी किंमत तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

पूर्वपीठिका : कल्याण व उटी

भारतीय रेडिओ खगोलशास्त्राचे प्रवर्तक डॉ. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) हे अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथून १९६३ मध्ये परतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या ३२ लहान तबकड्यांची मांडणी करून १९६५ मध्ये कल्याणजवळ सूर्याचे निरीक्षण सुरू झाले. अनेक लहान घटक एकत्र जोडून मोठ्या उपकरणाचे काम करून घेण्याचा हा आरंभीचा धडा होता.

यापुढील टप्पा म्हणजे १९७० मध्ये कार्यान्वित झालेली उटीची दुर्बीण. तिची लांबी ५३० मीटर व रुंदी ३० मीटर आहे. उटीच्या अक्षांशाइतकाच, म्हणजे सुमारे ११ अंशांचा, उतार असलेली टेकडी निवडल्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहिला आणि एकाच दिशेने फिरवून आकाशस्थ स्रोताचा मागोवा घेणे शक्य झाले. तिचा परावर्तक पृष्ठभागही पत्र्याचा नसून पोलादी तारांचा आहे. जे काम भूगोलाकडून करून घेता येते, त्यासाठी यंत्रावर खर्च करावयाचा नाही, ही दृष्टी येथे स्पष्ट दिसते.

खोडद येथील निर्मितीपद्धती

महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, अर्थात जीएमआरटी, या प्रकल्पाची कल्पना १९८४ च्या सुमारास आकारास आली. तिच्यात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ खोडद येथील मध्यवर्ती भागात असून उर्वरित १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात तीन बाहूंवर पसरल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन अँटेनांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे.

एका तबकडीचे क्षेत्रफळ सुमारे १,५९० चौरस मीटर भरते. एवढी तबकडी धातूच्या पत्र्याने मढविली असती, तर वाऱ्याचा दाब पेलण्यासाठी अतिशय अवजड सांगाडा उभारावा लागला असता व खर्च आवाक्याबाहेर गेला असता. म्हणून रचनाकारांनी प्रथम आवश्यक अचूकतेचा विचार केला. परावर्तकाच्या आकारातील त्रुटी तरंगलांबीच्या साधारण विसाव्या भागाइतकी असेल, तर ती चालू शकते. दुर्बिणीला पाहावयाच्या तरंगांपैकी सर्वांत आखूड तरंग सुमारे २१ सेंटिमीटरचे होते. म्हणजे सुमारे एक सेंटिमीटरची त्रुटी क्षम्य होती. तरंगलांबीच्या मानाने छिद्रे पुरेशी लहान असल्यास जाळीही आरशाचे काम करते.

या विचारातून ‘स्मार्ट’ ही पद्धती सिद्ध झाली. मध्यभागातून निघणाऱ्या १६ अन्वस्ताकार पोलादी चौकटी, त्यांच्या दरम्यान ताणलेले तारदोर आणि त्यांवर बसविलेली बारीक स्टेनलेस तारेची जाळी, असे तिचे स्वरूप आहे. जाळीची छिद्रे मध्यभागी १० मिलिमीटर, त्यापुढे १५ व कडेला २० मिलिमीटरची ठेवण्यात आली. वारा जाळीतून निघून जात असल्याने सांगाडा हलका झाला. वक्र पृष्ठभाग घडविण्याऐवजी सपाट तुकड्यांनी वक्रतेच्या जवळ जाण्याचा मार्ग पत्करल्याने काम सुकर झाले.

दुर्बीण ऑक्टोबर २००१ मध्ये राष्ट्रास अर्पण होऊन २००२ पासून जगभरातील संशोधकांस खुली झाली. पुढे २०१९ पर्यंत तिचे अद्ययावतीकरण झाले. त्यात ग्राहक यंत्रणा बदलली व एका वेळी हाताळता येणारी पट्टरुंदी ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेली. तबकड्या मात्र त्याच राहिल्या. ज्या भागाचे तंत्र लवकर जुने होते, तो भाग बदलता येईल अशी रचना ठेवणे हेही निर्मितीचेच अंग आहे.

सूक्ष्म एलईडी पडद्याशी तुलना

सूक्ष्म एलईडी पडद्यात प्रत्येक बिंदू हा स्वतः प्रकाशणारा, सामान्यतः १०० मायक्रोमीटरहून लहान असा अर्धवाहक दिवा असतो. सोनी कंपनीने २०१२ मध्ये ५५ इंची, तर सॅमसंगने २०१८ मध्ये १४६ इंची पडदा प्रदर्शित केला. यातील खरी अडचण दिवे तयार करण्याइतकीच ते चकतीवरून उचलून पडद्यावर नेमक्या जागी बसविण्याची आहे. ‘फोर-के’ पडद्यात ३,८४० गुणिले २,१६० बिंदू असतात. प्रत्येकी तीन रंग धरल्यास दिव्यांची संख्या २,४८,८३,२०० होते. दहा हजारांत केवळ एक दिवा चुकला, तरी सुमारे २,४८८ दोष उरतात.

खोडद येथे तरंगलांबीने दिलेली मोकळीक येथे नाही, कारण मानवी डोळ्यास एकच विझलेला बिंदूही खटकू शकतो. म्हणून एकाच वेळी हजारो दिवे स्थलांतरित करणे, बसविल्यावर प्रत्येकाची तपासणी करणे, सदोष दिवा काढून दुसरा बसविणे व लहान फलक जोडून मोठा पडदा साधणे, या दिशांनी सुधारणा होत आहेत. मात्र फलकांमधील सांधाही डोळ्यास दिसता कामा नये, ही अट जोडकाम कठीण करते. लहान घटकांतून मोठा पृष्ठभाग उभारणे व दुरुस्तीस वाव ठेवणे हे सूत्र दोन्हीकडे समान आहे. क्षम्य त्रुटीचे माप मात्र अगदी भिन्न आहे.

शांततेची किंमत

अवकाशातून येणारे रेडिओ संकेत अत्यंत क्षीण असल्याने दुर्बिणीस रेडिओ-शांत परिसर लागतो. वेल्डिंग, सदोष वीजवाहिन्या, मोबाइल मनोरे यांचा तिला अडथळा होतो. एलईडी फलकांतील वेगाने चालू-बंद होणारी मंडले व त्यांचा वीजपुरवठा यांतूनही, योग्य आवरण नसल्यास, रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. म्हणजे ज्या पडद्यांची आपण येथे तुलना केली, ते पडदेच खोडदच्या शेजारी सहज नांदू शकत नाहीत.

म्हणूनच दुर्बिणीच्या परिसरात उद्योग उभारण्यावर निर्बंध आले. चाकणला कारखानदारी वाढत असताना उत्तरेकडील हे दोन तालुके मुख्यत्वे शेतीवर राहिले. त्यामागे केवळ दुर्बीणच आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तथापि तिचा वाटा नाकारता येत नाही. २०२५ मध्ये पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावमार्गे प्रस्तावित मार्ग दुर्बिणीवरील परिणामाच्या कारणास्तव बाजूस ठेवून शिर्डीमार्गे पर्याय पुढे करण्यात आला, तेव्हा हा प्रश्न तीव्रतेने सर्वांसमोर आला.

समारोप

खोडदची तबकडी स्वस्त झाली ती निकृष्ट साहित्यामुळे नव्हे, तर किती अचूकता पुरेशी आहे याचे उत्तर आधी शोधल्यामुळे. उत्पादनपद्धती सुधारू पाहणाऱ्या कोणत्याही क्षेत्रास हा धडा उपयुक्त आहे. परंतु या काटकसरीच्या हिशेबात परिसराची शांतता गृहीत धरली गेली आणि तिचे मोल स्थानिकांनी भरले, हेही इतिहासाने नोंदविले पाहिजे. २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीविषयी जे पुरावे जगापुढे आले, त्यांत या दुर्बिणीच्या निरीक्षणांचाही सहभाग होता. त्या श्रेयात जुन्नर-आंबेगावचा वाटा मान्य करावयाचा, तर रेडिओ-शांततेशी सुसंगत असे शेतमाल प्रक्रिया, उच्च शिक्षण व उपकरणशास्त्राचे प्रशिक्षण येथे आणणे आवश्यक आहे. दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनी खोडदला येणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांपैकी काहींना तरी याच भूमीत काम मिळावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. या कामी परिसरातील महाविद्यालयांनी पुढाकार घेणे उचित ठरेल.