कपाटातला अंधार आणि हातातला दिवा

आजचा विषय कळल्यावर काहींनी मला विचारलं, तत्त्वज्ञानाच्या मास्तराने कपाटातल्या दिव्यावर काय बोलायचं? बोलण्यासारखं बरंच आहे. दिव्याचा इतिहास म्हटला की आपण बाजाराचा आणि रस्त्याचा सांगतो. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले, १९०५ मध्ये मुंबईत 'बेस्ट' कंपनी स्थापन झाली, १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. घरातल्या फडताळात उजेड कधी पोचला, हे मात्र त्या यादीत येत नाही. आणि माझं म्हणणं असं, की वीज आल्यावर फडताळात उजेड वाढण्याऐवजी काही काळ कमीच झाला.

जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. भिंती इतक्या जाड, की त्या जाडीतच कोनाडे, दिवळ्या आणि फडताळं काढलेली. ओसरीवर उजेड भरपूर, कारण तिथे आल्यागेल्याची ऊठबस. मधलं माजघर काळोखं आणि कोठीची खोली त्याहून काळोखी. म्हणजे धान्याच्या कणग्या, लोणच्याच्या बरण्या, लुगड्यांच्या पेट्या जिथे ठेवलेल्या, बायकांची दिवसभर ये-जा जिथे, तिथे भर दुपारीही चाचपडायचं. त्या अंधारात गारवा होता, रेशमाचा रंग टिकत होता, हे खरं. पण विंचूही त्याच अंधारात असायचा, आणि तो चावायचा तो आत हात घालणारीलाच. उजेडाची ही वाटणी कुणी ठराव करून केलेली नव्हती. पण वाटणी होती.

कोठीत दिवा जायचा तो हातातून. देवापुढची समई जागची हलायची नाही. आत न्यायची ती पणती, पुढे रॉकेलची चिमणी, ऐपत असली तर कंदील. आपल्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील कितीतरी घरांत असे. एका हातात दिवा धरायचा आणि दुसऱ्या हाताने शोधायचं. धुराने कोनाडे काळे व्हायचे, पदर पेटेल ही धास्ती कायमची. मला त्या काळाचे गोडवे गायचे नाहीत. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तो दिवा माणसाच्या पुढे असायचा. माणूस मागे, दिवा मध्ये, वस्तू पुढे.

मग बल्ब आला आणि छताच्या मधोमध लटकला. कपाट मात्र भिंतीलाच राहिलं. आता कपाट उघडून उभं राहिलं की उजेड आपल्या पाठीवर, आणि कपाटात आपलीच सावली! खोली उजळली, खण काळा झाला.

इथे मला कणादांची आठवण होते. अंधार म्हणजे काय, यावर आपल्याकडे फार जुना वाद आहे. भाट्ट मीमांसक म्हणत, अंधार हे द्रव्यच आहे. तो काळानिळा दिसतो, हलताना दिसतो, मग द्रव्य का नाही? वैशेषिकांचं उत्तर असं, की अंधार म्हणजे तेजाचा अभाव. तेजाला दुसऱ्या एखाद्या द्रव्याचा आडोसा झाला की अंधार होतो, आणि आडोसा हलला की अंधार हलल्यासारखा वाटतो. कपाटापुढे उभे राहून एकदा हे पाहा. तिथे आडोसा करणारं द्रव्य आपण स्वतःच असतो. आपण डावीकडे सरकलो की अंधारही सरकतो. वैशेषिकांचा पक्ष मला पटतो, त्याला हेही एक कारण आहे.

बरं, बल्ब कपाटातच का नाही घातला? कुणीकुणी घातलाही. पण साध्या बल्बमध्ये विजेचा जेमतेम पाच टक्के भाग उजेड होतो, बाकी सगळी उष्णता. कपड्यांच्या घडीला तो टेकला तर आगीला निमंत्रणच. अमेरिकेच्या विद्युत संहितेत यासाठी कपड्यांच्या कपाटाचे स्वतंत्र नियम आहेत. उघडा बल्ब लावायला तिथे मनाई आहे; काचेत पूर्ण बंद असलेला, पृष्ठभागावर बसवलेला दिवासुद्धा सामानाच्या जागेपासून बारा इंच लांब हवा. गंमत म्हणजे, ही 'सामानाची जागा' रिकामी असली तरी मोजली जाते. आज तिथे काही नाही, पण उद्या कुणीतरी रजई कोंबेल, हे संहितेने गृहीत धरलं आहे. मनुष्यस्वभाव ओळखून केलेली अशी व्याख्या तत्त्वज्ञांनाही क्वचितच जमते.

आपल्या कोकणात आणि गोव्यात याच्या उलटा प्रकार. पावसाळ्यात कपड्यांना बुरशी येते, म्हणून काही घरांत कपाटात 'झिरोचा' बल्ब पेटता ठेवत. नाव झिरो, पण तो दहा-पंधरा वॅट घ्यायचा. त्याच्याकडून हवी होती ती ऊब. उजेड आपला फुकटात. ऊब मिळाली की हवेतली सापेक्ष आर्द्रता घटते आणि दमटपणा जातो. त्या जागी आज एलईडी लावून बुरशी जाईल अशी अपेक्षा ठेवू नका.

एलईडीची हकिकत थोडक्यात. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये केला. निळा तेजस्वी व्हायला १९९० चं दशक उजाडलं, आणि त्यावरून पांढरा उजेड मिळाला. त्या निळ्या दिव्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. आपल्या फडताळाच्या दृष्टीने महत्त्वाचं इतकंच, की दिवा पट्टीसारखा बारीक आणि बराच थंड झाला. तो पुन्हा माणसाच्या पुढे आणता आला.

पण आणतात का? बहुतेक ठिकाणी सुतार ती पट्टी खणाच्या मागच्या फळीला चिकटवतो, कारण फोटोत छान दिसते. मग उजेड थेट डोळ्यांत येतो आणि घड्यांचा पुढचा भाग, जो आपल्याला बघायचा असतो, तो काळाच राहतो. पट्टी वरच्या फळीच्या पुढच्या कडेला, आतल्या बाजूने, तोंड मागे करून लावायला सांगा. उभ्या कपाटात दोन्ही बाजूंच्या चौकटीला आतून लावली तरी चालेल. पट्टीवर दुधी आवरण हवं. काळी विजार आणि गडद निळी विजार यांतला फरक कळायला हवा असेल, तर रंग खरे दाखवण्याचा सीआरआय हा अंक नव्वदच्या वरचा घ्या. माझ्या वयाच्या मंडळींनी यात काटकसर करू नये. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, आणि औषधांच्या गोळ्यांची पाकिटं आपण कपाटातच ठेवतो.

पट्टीला वीज देणारा ड्रायव्हर कपड्यांमागे कोंबू नका. तो गरम होतो. त्याला हवा खेळेल आणि वायरमनचा हात पोचेल अशी जागा द्या. घर भाड्याचं असेल तर चार्ज करता येणारा, चुंबकाने चिकटणारा दिवा पुरे.

दाराबरोबर लागणारा-विझणारा दिवा घेतलात, तर दार बंद झाल्यावर तो खरंच विझतो का, हा प्रश्न उरतो. तो पाहायला दार उघडावं लागतं, आणि उघडलं की दिवा लागतो! अनुमानावर थांबायचं कारण नाही. मोबाइलवर चित्रण सुरू करा, तो आत ठेवा, दार लावा आणि मिनिटभराने काढून पाहा. आणि तो आत असताना कुणाचा फोन आला, तर घ्यायची घाई करू नका.