पी. के. रोझी : पडद्यावरच्या नायिकेवर पडलेले दगड

भारतीय सिनेमाचा इतिहास सांगताना एक गंमत म्हणून नेहमी सांगितली जाते. १९१३ साली दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ काढत होते. तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवलं आणि ते राणी झाले. प्रेक्षकांनी ती राणी आनंदानं पाहिली. पुरुष राणी झाला म्हणून कुणाचा धर्म बुडाला नाही.

पुढच्या पंधरा-सतरा वर्षांत त्रावणकोर संस्थानात, म्हणजे आजच्या केरळच्या दक्षिण भागात, एक बाई पडद्यावर बाईचंच काम करते. तिच्यावर मात्र दगड पडतात, घर जळतं, रातोरात तिला गाव सोडावं लागतं. कारण ती पुलया जातीची होती आणि पडद्यावर नायर स्त्री झाली होती. मल्याळम सिनेमाची ती पहिली नायिका, पी. के. रोझी. आंबेडकरी तरुणांना तिचं नाव माहीत असलंच पाहिजे असं आम्हाला वाटतं. दया यावी म्हणून नव्हे. जात कुठे कुठे पहारा देते हे कळावं म्हणून.

रोझीचं मूळ नाव राजम्मा. जन्म त्रिवेंद्रमचा, १९०३ सालचा. वडील लवकर गेले आणि ही मुलगी गवत कापून घराला हातभार लावू लागली. गाण्या-अभिनयाची ओढ होती. काक्करिशी नाटकात ती तयार झाली. हा दक्षिण त्रावणकोरातला कष्टकरी जातींचा नाट्यप्रकार. त्यात शिव-पार्वती भटक्या जमातीतल्या नवरा-बायकोच्या रूपात पृथ्वीवर येतात. म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभी राहण्याआधीच रोझी रंगभूमीवरची नटी होती. कुणी दया दाखवून तिला ‘संधी’ दिली, ही गोष्टच खोटी. तिच्याकडे कला होती, म्हणून ती निवडली गेली.

ज्या समाजात ती जन्मली त्याचा इतिहास विसरून चालणार नाही. पुलया माणसाला सार्वजनिक रस्त्यावरून चालता येत नव्हतं. १८९३ साली अय्यंकाली बैलगाडीत बसून त्या रस्त्यावरून गेले आणि तो हक्क हिसकावून घेतला. पुढे ते एका पुलया मुलीला हाताला धरून शाळेत घेऊन गेले, तर सवर्णांनी शाळाच पेटवली. पुलया बाईच्या गळ्यात दगडी मण्यांच्या माळा असायच्या. ती तिच्या जातीची खूण होती. १९१५ साली पेरिनाड इथं या बायकांनी त्या माळा तोडून फेकल्या. बाईनं काय नेसावं, काय घालावं, छाती झाकावी की नाही, हे त्या संस्थानात जात ठरवत होती. अशा ठिकाणी पुलया बाई केसात फूल माळून, नायर घरातली सरोजिनी होऊन पडद्यावर आली. हा नुसता अभिनय उरत नाही. सवर्णांच्या नजरेत तो गुन्हा होता.

चित्रपट होता ‘विगतकुमारन’, म्हणजे हरवलेला मुलगा. काढला जे. सी. डॅनियल यांनी, स्वतःची जमीन विकून. नायकाचं कामही त्यांनीच केलं. नायिकेसाठी आधी मुंबईहून एक नटी आणली होती, तिच्याशी जमलं नाही, मग रोझी आली. चित्रपट त्रिवेंद्रमच्या कॅपिटॉल थिएटरात लागला. त्याची तारीख कुणी ७ नोव्हेंबर १९२८ देतं, कुणी २३ ऑक्टोबर १९३०. उद्घाटनाला येणाऱ्या प्रतिष्ठितांना रोझी शेजारी नको होती. म्हणून आपल्याच चित्रपटाच्या पहिल्या खेळाला नायिकेला जागा नव्हती. पडद्यावर नायकानं तिच्या केसातल्या फुलाचं चुंबन घेतलं आणि थिएटरात दगडफेक सुरू झाली. पुढे तिचं घर जाळलं. एका लॉरीत बसून ती तमिळ मुलखाकडे निघून गेली.

काळ लक्षात घ्या. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी घेतलं, तर अस्पृश्यांना झोडपलं गेलं. १९३० साली नाशिकला काळारामाच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला, तिथंही दगड पडले. तळं, देऊळ आणि सिनेमाचा पडदा या तीन गोष्टी वेगळ्या दिसतात. दगड मारणारा हात एकच आहे. तळ्यावर तो म्हणतो, पाणी बाटलं. थिएटरात म्हणतो, आमच्या जातीची बाई बाटली.

मग कुणी विचारेल, आपल्या बायका नाचत-गात होत्याच की, तेव्हा सवर्ण कुठे चिडत होते? नव्हतेच चिडत. तमाशाच्या फडात पैसे फेकायला तेच पुढे असत. पठ्ठे बापूराव हे ब्राह्मण शाहीर. त्यांच्या फडात पवळाबाई हिवरगावकर ही महार कलावंतीण नाचत होती, गाजत होती. महाडच्या लढ्यासाठी पठ्ठे बापूराव खेळांचं उत्पन्न द्यायला आले, तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारलं. आम्ही याचा अर्थ असा घेतो की त्यांचा विरोध कलेला नव्हता. आमच्या बाईची इज्जत विकून आलेल्या पैशानं इज्जतीची लढाई लढायची नाही, हे ते सांगत होते. जातिव्यवस्थेला आमची बाई करमणुकीला चालते. प्रतिष्ठित घरातली नायिका म्हणून चालत नाही. पवळाबाईला मिळालेल्या टाळ्या आणि रोझीवर पडलेले दगड एकाच नियमातून येतात.

रोझीच्या पुढच्या आयुष्यात हा नियम आणखी उघडा पडतो. लॉरीचालक केशव पिल्लै यांच्याशी तिनं लग्न केलं. ते नायर होते. राजम्माळ या नावानं ती नागरकोइलकडे राहिली. पुन्हा कधी कॅमेऱ्यासमोर आली नाही. मुलं नायर म्हणून वाढली. १९८८ साली ती गेली. पडद्यावर काही मिनिटं ती नायर झाली, तर घर जळलं. आपली जात, आपली कला आणि आपलं नाव गिळून टाकल्यावर मात्र नायर घरात आयुष्य काढता आलं. जातीला नक्कल खपत नाही, पण बळी दिलेला खपतो.

आता स्मृतीचा प्रश्न. डॅनियलही कर्जबाजारी झाले, उपेक्षेत १९७५ साली वारले. ते नाडार ख्रिश्चन. त्यांच्याच जातीच्या बायकांनी एकोणिसाव्या शतकात छाती झाकण्याच्या हक्कासाठी लढा दिला होता. त्यांच्यावरही अन्याय झालाच. पण १९९२ पासून केरळ सरकार त्यांच्या नावानं पुरस्कार देतं आणि ते मल्याळम सिनेमाचे जनक ठरले. २०१३ साली ‘सेल्युलॉइड’ हा चित्रपट आला, त्याचेही नायक डॅनियलच. बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणत, ती आठवणीतही चालते. पायरी जेवढी खाली, तेवढी आठवण उशिरा. त्यातही बाई असेल तर आणखी उशिरा. ‘विगतकुमारन’ची प्रत उरली नाही. रोझीचा खात्रीचा एक फोटोही नाही.

तरी ती परत आली, ती आपल्याच माणसांमुळे. कुन्नुकुळी एस. मणी या पत्रकारानं वर्षानुवर्षं तिचा माग काढला. २०१९ साली केरळातल्या सिनेमातल्या स्त्रियांनी तिच्या नावानं फिल्म सोसायटी काढली. चेन्नईत पा. रंजित यांच्या नीलमनं तिच्या नावानं चित्रपट महोत्सव भरवला.

महाराष्ट्रातल्या तरुणांना आमचं सांगणं एवढंच. आंबेडकरी जलशांत, तमाशाच्या फडांत, कव्वालीच्या मंचावर गायलेल्या, उभ्या राहिलेल्या किती बायका आपल्या वस्त्यांत आजही म्हाताऱ्या होऊन बसल्या आहेत. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. त्यांचा आवाज, त्यांचं नाव, गाव, फडाचं नाव, जुना फोटो आजच नोंदवून ठेवा. जयंतीच्या मंचावर त्यांना मानानं बोलवा. रोझीचा चेहरा कुणी जपला नाही, कारण जपणारे हात आपले नव्हते. आता आपले आहेत.

जय भीम.