मोझँबिकचे यादवी युद्ध (१९७७–९२)
पोर्तुगालपासून १९७५ मध्ये स्वतंत्र झालेल्या मोझँबिकमधील सत्ताधारी फ्रेलिमो व बंडखोर रेनामो यांच्यातील संघर्ष. रेनामोला आधी ऱ्होडेशियाचे, पुढे वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचे पाठबळ होते. सुमारे १० लाख माणसे दगावली. गोळ्यांपेक्षा भूक आणि रोगराईनेच अधिक बळी घेतले. शाळा, दवाखाने ठरवून उद्ध्वस्त केले गेले, लहान मुलांच्या हाती बंदुका आल्या. सुमारे ५० लाख लोक विस्थापित झाले. मलावीसारख्या गरीब शेजाऱ्याने त्यांतील १० लाखांवर निर्वासित सामावून घेतले, हे विशेष. दोन्ही पक्ष थकल्यावर ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोममध्ये तह झाला. मध्यस्थांत सांत एजिदिओ ही कॅथलिक संघटना प्रमुख होती. पेरलेले भूसुरुंग मात्र तसेच राहिले. ते हुडकण्यासाठी प्रशिक्षित उंदीरही वापरले गेले. देश सुरुंगमुक्त जाहीर व्हायला २०१५ साल उजाडले.