थायमस ग्रंथी : एका चुकीच्या मापाची कहाणी

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या किंचित वरच्या अंगास, दोन पाळ्यांचा एक मऊ अवयव असतो. इंग्रजीत त्यास थायमस म्हणतात. मराठी परिभाषाकारांनी त्याला ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे नाव दिले आणि ते मोठे अर्थपूर्ण आहे. जन्मतः दहा-पंधरा ग्रॅम वजनाची ही ग्रंथी वयात येईपर्यंत तीस-चाळीस ग्रॅमपर्यंत वाढते आणि पुढे ओसरत जाऊन तिची जागा चरबी घेते. आमच्या वयाच्या मंडळींच्या छातीत तिचा मागमूस शोधावाच लागेल. ती कशासाठी असते, हे १९६१ सालापर्यंत वैद्यकशास्त्रास ठाऊक नव्हते. ठाऊक नसणे हा काही दोष नव्हे. परंतु ठाऊक नसतानाही तिच्यावर उपचार मात्र झाले, आणि त्यांची किंमत निरोगी बालकांनी मोजली.

१६१४ साली बाझेल येथील फेलिक्स प्लाटर या वैद्याने पाच महिन्यांच्या एका बालकाचा अकस्मात मृत्यू नोंदविला. शवविच्छेदनात ही ग्रंथी ‘वाढलेली’ दिसली, तेव्हा तिने श्वासनलिका दाबली असावी असा तर्क झाला. १८३० मध्ये कोप या जर्मन वैद्याने या कल्पित विकाराचे ‘थायमसचा दमा’ असे बारसेही केले. फ्रांकफुर्टच्या फ्रीडलेबेनने १८५८ मध्ये असा दमा अस्तित्वातच नाही असे ठामपणे सांगितले. तरीही १८८९ मध्ये व्हिएन्नाच्या पाल्टाउफने तीच कल्पना नव्या वेषात पुढे आणली. काही मुलांची प्रकृतीच जन्मतः दुबळी असते, मोठी थायमस ही तिची खूण होय, आणि अशी मुले क्षुल्लक कारणाने, अगदी भूल देतानाही, दगावतात, असे त्याचे म्हणणे. अकस्मात मृत्यूचे कारण सापडत नसे, त्या काळी डॉक्टरांना हे उत्तर फार सोयीचे वाटले.

आता प्रश्न असा की, ‘मोठी’ म्हणजे कोणापेक्षा मोठी? शरीरशास्त्रज्ञांनी नेहमीचे माप घेतले कोठून? विच्छेदनाच्या मेजावर येणारी प्रेते बहुतांशी दरिद्री माणसांची असत. इंग्लंडात तर १८३२च्या कायद्याने अनाथगृहांतील व इस्पितळांतील बेवारस देह शरीरशास्त्राच्या शाळांना देण्याची रीतसर सोयच केली होती. ही मुले क्षयाने, हगवणीने, फुप्फुसदाहाने, उपासमारीने आठवडेच्या आठवडे खंगून मेलेली. त्यांची थायमस आक्रसून चिमूटभर उरलेली असे आणि तेच ‘नेहमीचे’ माप ठरले. याउलट धडधाकट मूल एकाएकी दगावले की त्याची ग्रंथी पूर्ण आकाराची दिसे, म्हणून ती रोगट ठरे.

माझी नोकरी मध्य प्रदेशच्या महसूल खात्यात गेली. पीककापणी प्रयोगासाठी खसरा क्रमांक यादृच्छिक पद्धतीने काढावा लागतो; सडकेलगतचे, सोयीचे शेत घेऊन चालत नाही, हे नव्या पटवाऱ्यासही पहिल्याच हंगामात शिकविले जाते. युरोपातील नामांकित विद्यापीठांना ही साधी गोष्ट शतकभर सुचू नये, याचे नवल वाटते. कदाचित मेजावरचा देह कोणाचा आहे, हा प्रश्न त्यांना विचारण्याजोगाच वाटला नसेल.

आजारात ही ग्रंथी आक्रसते, हे कोणी पाहिले नव्हते असेही नाही. जॉन सायमन या इंग्रज वैद्याने १८४५ मध्येच पोषणाशी तिचा संबंध नोंदविला होता. स्वीडनच्या हामारने विसाव्या शतकाच्या आरंभी वयोमानाने होणारा ऱ्हास वेगळा आणि रोगामुळे होणारा ‘आकस्मिक’ ऱ्हास वेगळा, असा स्पष्ट भेद केला. परंतु तोवर क्ष-किरण आले होते. १९०७ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे फ्रीडलँडर यांनी क्ष-किरणांनी एका बालकाची थायमस लहान करून दाखविली. मग हा उपचार रूढच झाला. पुढे काही इस्पितळांत तर कसलीही तक्रार नसलेल्या तान्ह्या मुलांनाही खबरदारी म्हणून किरण दिले जात. इंग्लंडात यंग आणि टर्नबुल यांनी १९३१ मध्ये मोठ्या संख्येने वजने तपासून पाल्टाउफच्या कल्पनेस आधार नाही असे दाखवून दिले, तरी अमेरिकेत हे पुढेही चालूच राहिले. थायमसच्या लगतच गळ्यात थायरॉईड ग्रंथी असते. १९५० मध्ये डफी आणि फिट्झगेराल्ड यांना थायरॉईडचा कर्करोग झालेल्या मुलांपैकी कित्येकांना तान्हेपणी थायमसवर किरण दिल्याचे आढळले. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे अशा मुलांचा पुढे अनेक दशके पाठपुरावा झाला. त्यांतील स्त्रियांत स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाणही अधिक निघाले.

या ग्रंथीचे खरे कार्य उघडकीस आले ते जवळजवळ योगायोगाने. झाक मिलर हा तरुण संशोधक लंडनच्या चेस्टर बीटी संस्थेत उंदरांतील रक्ताच्या कर्करोगाच्या विषाणूवर काम करीत होता. विषाणूच्या वाढीस थायमस लागते काय, हे पाहण्यासाठी त्याने नवजात पिलांची ग्रंथी काढली. ही पिले काही आठवड्यांनी खंगून मरू लागली, आणि विषाणू न दिलेलीही मरू लागली. त्यांच्या रक्तात लसिकापेशी अत्यल्प होत्या आणि परक्या उंदराची कातडीही त्यांचे शरीर नाकारीत नव्हते. १९६१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झाले. पुढे अमेरिकेत त्याने जंतुविरहित वातावरणात हाच प्रयोग केला, तेव्हा थायमस नसलेली पिले खंगली नाहीत. म्हणजे मारीत होता तो संसर्ग. थायमसवाचून त्यास अडविणारे कोणी नव्हते.

आज आपण जाणतो ते असे. अस्थिमज्जेतून निघालेल्या अपक्व पेशी थायमसमध्ये येतात आणि तेथे त्यांची कसून पारख होते. परका ओळखता न येणारी बाद, स्वकीयावर उठणारीही बाद. शंभरातील पाचांहूनही कमी पेशी ‘टी’ पेशी म्हणून बाहेर पडतात. संसर्ग झाला की अधिवृक्क ग्रंथींतून स्टेरॉईड स्रवते आणि अर्धवट शिकलेल्या पेशी त्याच्या माऱ्याने झपाट्याने मरतात. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवर नानाविध ताण देऊन थायमस आक्रसल्याचे दाखविले होते, त्याचे मर्म हेच. काही जंतू तर या शाळेतच शिरतात. गोवराचा विषाणू आणि एचआयव्ही थायमसच्या पेशींवर थेट हल्ला करतात. दक्षिण अमेरिकेतील शागास रोगाच्या परोपजीवीमुळे तर अपक्व पेशी शिक्षण पुरे होण्याआधीच बाहेर पडतात. आजार बरा झाला, पोटात अन्न गेले, की मुलांची थायमस पुन्हा भरून येते. पण एकामागून एक आजार आणि जोडीस उपासमार असेल, तर तिला सावरण्यास उसंतच मिळत नाही. त्या विच्छेदनाच्या मेजावरील मुलांचे नेमके हेच झाले होते.

पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ येथे नवजात बालकांच्या थायमसचा आकार सोनोग्राफीने मोजण्यात आला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत जन्मतः लहान थायमस असलेल्या बालकांत अर्भकमृत्यू अधिक आढळले. ज्या मोठ्या ग्रंथीस शंभर वर्षांपूर्वी मृत्यूची खूण मानीत, ती जगण्याची खूण निघाली.

प्रौढांच्या बाबतीत मात्र ती निरुपयोगी, हा समज पुढेही टिकला. हृदयाच्या शस्त्रक्रियेत आड आली म्हणून ती सर्रास काढली जाई. २०२३ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी अशा रुग्णांची तुलना, तशीच शस्त्रक्रिया होऊन थायमस शाबूत राहिलेल्यांशी केली. पाच वर्षांच्या आत पहिल्या गटातील ८.१ टक्के, तर दुसऱ्यातील २.८ टक्के रुग्ण दगावले होते.